ओळ पुन्हा पसरली, शब्द पुन्हा भिडले: म्यूझस्कोरमधली मांडणी मुळापासून सुधारताना

म्यूझस्कोर या स्वरलिपी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये डायनॅमिक्सचं (आवाजाचा जोर दाखवणारं) एखादं चिन्ह गाण्याच्या शब्दांवर चढलं म्हणून माउसने खाली ओढलं. मग मागच्या पानावर दोन बार वाढवले, आणि परत येऊन पाहिलं तर ओळी बदललेल्या. ओढलेलं चिन्ह स्टाफपासून (स्वरांच्या पाच रेषांपासून) लांब तरंगतंय आणि शब्द आता नव्याच जागी भिडलेत. पुन्हा ओढाओढ सुरू. अशी दुरुस्ती टिकत नाही, याला ठोस कारण आहे. प्रोग्रॅम प्रत्येक चिन्हाला आधी स्वतः जागा ठरवून देतो. तुम्ही ते हाताने हलवलंत, की फाइलमध्ये नोंद होते ती फक्त ‘ठरलेल्या जागेपासून इतकं बाजूला’ अशी. पानाचा आकार, स्टाफची उंची, ओळीतले बार यांपैकी काहीही बदललं की ठरलेली जागा सरकते, पण तुम्ही दिलेलं अंतर तसंच चिकटून राहतं. आधीच्या मांडणीत शोभणारं अंतर नव्या मांडणीत चूक ठरतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पान, मग स्टाफचं माप, मग संपूर्ण स्कोअरची (सगळ्या स्वरलिपीची) स्टाइल, मग ओळी कुठे तोडायच्या ते, आणि एकेक चिन्ह सगळ्यात शेवटी. खालची पायरी आधी घेतली तर वरची पायरी ती पुसून टाकते. इथले मेनू म्यूझस्कोर स्टुडिओ ४ चे आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड धरा. बार म्हणजे मेनूमध्ये अमेरिकी इंग्रजीत ‘मेझर’ म्हणून दिसतो तोच, आणि सिस्टिम म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या सगळ्या स्टाफची मिळून एक आडवी ओळ.

हात लावण्याआधी पाहणी

मांडणी नेहमी पेज व्ह्यूमध्ये करायची. कंटिन्युअस व्ह्यूमध्ये स्वर भरायला सोयीचं जातं, पण तिथे ओळी आणि पानं नसतातच, त्यामुळे तिथे केलेली सारवासारव पानावर वेगळीच दिसते. व्ह्यू → शो मधून ‘शो फॉरमॅटिंग’ आणि ‘शो पेज मार्जिन्स’ चालू करा. ओळ तोडण्याच्या खुणा, फ्रेम आणि स्पेसर (जागा राखून ठेवणारी खूण) हे छपाईत न दिसणारे घटक आता डोळ्यांसमोर येतील. ‘इथे एवढी मोकळी जागा का?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एखाद्या विसरलेल्या स्पेसरमध्ये असतं.

मग फाइलची एक प्रत करा. प्रतीमध्ये सगळं निवडा (कंट्रोल+ए) आणि कंट्रोल+आर दाबा. हाताने दिलेली सगळी सरकवासरकव रद्द होते. समस्या गेली, तर दोष तुमच्या जुन्या ओढाओढीत होता. समस्या तशीच राहिली, तर स्टाइल, पान किंवा ओळींच्या तोडणीत शोधायचं. या चाचणीला अर्धा मिनिट लागतो आणि पुढचा तासभर वाचतो. मूळ फाइलवर मात्र ती करू नका, कारण काही सरकवण्या खरोखर गरजेच्या असतात.

पान आणि ‘स्पेस’

स्टाफच्या लगतच्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे एक स्पेस. म्यूझस्कोरमधली जवळजवळ सगळी अंतरं याच एककात मोजली जातात. फॉरमॅट → पेज सेटिंग्जमध्ये हे माप मिलिमीटरमध्ये असतं, नेहमीचं १.७५. पाच रेषांमध्ये चार स्पेस, म्हणून स्टाफची उंची ७ मिलिमीटर.

हे एकच माप किती काम करतं ते आकड्यांत पाहिलेलं बरं. ए४ पानाला चारही बाजूंनी १५ मिलिमीटर समास धरला, तर छपाईला १८० बाय २६७ मिलिमीटर उरतात. १.७५ च्या मापाने ओळीची रुंदी सुमारे १०३ स्पेस आणि पानाची उंची साधारण १५२.५ स्पेस होते. आता पियानोचा स्कोअर घ्या. दोन स्टाफचे चार-चार आणि मधलं अंतर ६.५, म्हणजे एक सिस्टिम १४.५ स्पेसची. दोन सिस्टिममध्ये कमीत कमी ८.५ ठेवले, तर सात सिस्टिमना १५२.५ लागतात. पान काठोकाठ भरलं. पहिल्या पानावर शीर्षकाची १० स्पेसची फ्रेम आली की सातवी सिस्टिम पुढच्या पानावर जाणारच. तिला वर आणण्यासाठी समास कमी करणं, स्टाफ ओढणं, शीर्षक चेपणं असे प्रयोग सुरू होतात. त्याऐवजी स्पेस १.७५ वरून १.६ करा. पानाची उंची आता सुमारे १६७ स्पेस, गरज १६२.५ ची. सातही सिस्टिम शीर्षकासकट बसतात, आणि स्टाफ केवळ साडेआठ टक्क्यांनी लहान होतो.

किती लहान चालेल? वाद्याच्या स्वतंत्र पार्टसाठी (फक्त त्या वाद्याच्या पानांसाठी) १.७५ सोडू नये, कारण वाजवणारा हातभर लांबून वाचतो. पियानोला १.६ आरामात चालतं. गायकवृंदाच्या स्कोअरला १.४ ते १.५ ठीक. १.२५ च्या खालचं पान वाजवण्यासाठी देऊ नये. ते फार तर अभ्यासापुरतं.

एक काळजी घ्या. समास मिलिमीटरमध्ये असतात, ते स्पेसबरोबर बदलत नाहीत. आणि हे माप काम संपल्यावर बदललंत तर हाताने ठरवलेली प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागेल. म्हणून ते पहिल्याच दिवशी ठरवा.

बार दाटीवाटीने बसतात, किंवा एकच बार ओळभर पसरतो

प्रोग्रॅम एका ओळीत मावतील तितके बार घेतो आणि उरलेली जागा स्वरांमध्ये वाटून ओळ उजव्या समासापर्यंत ताणतो. म्हणजे एखादी ओळ विरळ दिसते तेव्हा दोष बहुतेक वेळा तिच्यात नसून पुढच्या बारमध्ये असतो. तो थोडक्यासाठी मावला नाही, खाली गेला, आणि इथले तीन बार चार बारांच्या जागेत ताणले गेले.

उपाय फॉरमॅट → स्ट्रेचमध्ये आहे. ओळीतला पहिला बार निवडा, वर आणायच्या बारवर शिफ्ट धरून क्लिक करा, आणि { दाबा. प्रत्येक दाबाला ताण ०.१ ने कमी होतो. सहसा दोन-तीन दाबांत खालचा बार वर येतो. } ने उलट होतं. इथे एक गोष्ट कळली की बराच गोंधळ मिटतो. ओळीतल्या सगळ्या बारांचा ताण सारखाच बदलला आणि ओळीत तेच बार राहिले, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, कारण ओळ शेवटी समासापर्यंत ताणली जातेच. ताणाचा उपयोग दोनच ठिकाणी होतो. बार वर-खाली नेताना, किंवा एका बारला शेजाऱ्यांपेक्षा जास्त-कमी जागा देताना. ‘मी दहा वेळा दाबलं तरी काही होत नाही’ या तक्रारीमागे हेच असतं. दहा दाबांनी मूल्य मात्र बदललेलं असतं, आणि पुढे कधीतरी ओळी हलल्या की ते बार चिमटल्यासारखे दिसू लागतात. अशा वेळी ते बार निवडून फॉरमॅट → स्ट्रेच → रीसेट.

सगळ्याच स्कोअरमध्ये दाटी असेल तर एकेका बारच्या मागे लागू नका. फॉरमॅट → स्टाइल → मेझरमध्ये ‘स्पेसिंग रेशो’ असतो, नेहमी १.५. स्वराची लांबी दुप्पट झाली की त्याला दीडपट जागा, असा त्याचा अर्थ. क्रोचेटला (एका ठोक्याच्या स्वराला) एक भाग, तर दुप्पट लांबीच्या मिनिमला दीड आणि चौपट लांबीच्या सेमीब्रीव्हला सव्वादोन. तांब्याच्या पत्र्यावर कोरून स्वरलिपी छापत त्या काळापासून हीच चाल आहे. लांबीच्या अचूक प्रमाणात जागा दिली तर लांब स्वर पानं खातात आणि नजर अडखळते. हे गुणोत्तर १.४ केलंत तर लांब स्वरांची जागा कमी होते आणि ओळीत जास्त बार बसतात. १.३ च्या खाली गेलात, तर मिनिम आणि क्रोचेट जागेवरून ओळखू येईनासे होतात. हा तोटा जागा वाचवण्यापेक्षा मोठा आहे, कारण सराईत वाचक लय आधी अंतरांवरून ओळखतो आणि मग स्वराकडे पाहतो. त्याच पानावर ‘मिनिमम नोट डिस्टन्स’ आहे. शार्प-फ्लॅट भरपूर असलेल्या सेमीक्वेव्हरच्या (पाव क्रोचेटच्या) ओळी चिकटत असतील तर ते ०.५ वरून ०.६ किंवा ०.७ करा. आणि ‘मिनिमम मेझर विड्थ’ ८ स्पेसचं असतं. रिकामे किंवा एकेकच स्वर असलेले बार उगाच रुंद वाटत असतील तर तिथे पाहा.

कॉर्ड चिन्हं लिहिली असतील तर ती लांब नावंही बारला रुंद करतात. स्वर मोजकेच असूनही बार पसरट असेल तर स्टाइल → कॉर्ड सिम्बॉल्समधलं किमान अंतर तपासा आणि टेक्स्ट स्टाइल्समध्ये चिन्हांचा आकार थोडा कमी करून पाहा.

ओळ तोडायला बार निवडून एंटर, पान तोडायला कंट्रोल+एंटर. तोडणीच्या खुणेने ओळ फक्त लहान करता येते. जास्त बार घ्यायचे तर ताण किंवा स्पेस कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. आणि सर्वांत जास्त वेळा भेटणारा बिघाड इथेच जन्मतो. दर चार बारांनी ओळ तोडलेली आहे. मध्ये एक बार वाढवलात. तोडणीची खूण मूळच्या चौथ्या बारला चिकटलेली आहे, म्हणून आता त्या ओळीत पाच बार झाले. पाच मावत नाहीत, म्हणून चार वरच राहतात, पाचवा खाली जातो आणि त्याच्याच अंगावर तोडणीची खूण असते. परिणाम: एकच बार डावीकडून उजवीकडे ताणलेला. त्याला { दाबून काही होणार नाही. ती खूण निवडून डिलीट करा. असे प्रकार बरेच झाले असतील तर फॉरमॅट → अ‍ॅड/रिमूव्ह सिस्टिम ब्रेक्समधून सगळ्या खुणा एकदम काढा आणि तोडणी नव्याने करा. तोडणी संगीताच्या वाक्यांप्रमाणे करावी. दर चार बारांचा सरधोपट नियम दाट आणि विरळ बारांना एकाच मापाने बडवतो. ४.५ आवृत्तीपासून सिस्टिम लॉकची सोय आहे. ठराविक बार एकाच ओळीत बांधून ठेवायचे असतील तर ती वापरा. पण स्वर आणि शब्द भरून झाल्यावरच.

शेवटची ओळ

शेवटच्या ओळीत दोनच बार, आणि तेही ओळभर ताणलेले. स्टाइल → पेजमध्ये ‘लास्ट सिस्टिम फिल थ्रेशोल्ड’ असतो, नेहमी ३० टक्के. शेवटची ओळ स्वाभाविक रुंदीत त्यापेक्षा जास्त भरत असेल तर प्रोग्रॅम तिला पूर्ण ताणतो. ७० केलंत तर अर्धवट ओळ अर्धवटच राहील, १०० केलंत तर ती ताणलीच जाणार नाही. तरीही मला योग्य वाटतो तो मार्ग वेगळा. मागच्या तीन-चार ओळींमध्ये बार असे वाटावेत की शेवटची ओळ आपोआप भरेल. छापील पानाचा शेवट भरीव दिसला की वाचणाऱ्यालाही तुकडा इथे संपला हे न सांगता कळतं.

देवनागरी शब्द: सर्वांत जास्त बिघाड इथेच

म्यूझस्कोरमधला अक्षरांचा मूळ फाँट एडविन, आणि त्यात देवनागरी नाही. तरी शब्द दिसतात, कारण संगणक गुपचूप आपल्याकडचा दुसरा कुठला तरी देवनागरी फाँट लावतो. तो प्रत्येक यंत्रावर वेगळा असू शकतो. अक्षराची रुंदी बदलते, रुंदी बदलली की स्वरांमधलं अंतर बदलतं, आणि मग ओळी. ‘माझ्याकडे सहा पानं होती, दुसऱ्या संगणकावर उघडली तर सात झाली’ यामागे बहुतेक वेळा हेच असतं. उपाय असा की फाँट स्वतः निवडा. फॉरमॅट → स्टाइल → टेक्स्ट स्टाइल्समध्ये ‘लिरिक्स ऑड लाइन्स’ आणि ‘लिरिक्स इव्हन लाइन्स’ या दोन वेगळ्या स्टाइल आहेत. विषम कडव्यांची एक, सम कडव्यांची दुसरी. एकच बदलली तर दुसरं कडवं जुन्याच फाँटमध्ये राहतं. दोन्हींना नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्त (Mukta) यांसारखा मोफत मिळणारा एकच फाँट द्या, आणि ज्यांना फाइल पाठवाल त्यांनाही तोच बसवायला सांगा. फाइलबरोबर फाँट जात नाही. पीडीएफमध्ये मात्र तो आत भरलेला असतो, म्हणून नुसतं वाचणाऱ्यांना पीडीएफच द्यावी.

दुसरी गोष्ट अक्षराच्या आकाराची. शब्दांचा आकार १० पॉइंट दिसतो, पण ‘फॉलो स्टाफ साइझ’ची खूण असल्यामुळे तो १.७५ च्या स्पेसला १० असतो. स्पेस १.४ केलीत तर कागदावर ८ पॉइंट उतरतो. रोमन अक्षरं ८ मध्ये निभावतात, पण देवनागरीतला ‘द्ध’ आणि ‘ध्द’ हा फरक ८ मध्ये दिसत नाही. आकार १२ करा, म्हणजे कागदावर ९.६ मिळेल. किंवा ती खूण काढून थेट १० द्या.

उभ्या अंतराचा प्रश्नही देवनागरीत जास्त जाणवतो. वरच्या कडव्यातला ‘तू’ खाली ऊकार सोडतो आणि खालच्या कडव्यातला ‘मीं’ वेलांटी-अनुस्वार वर काढतो. मूळ अंतर रोमन अक्षरांकडे पाहून ठरवलेलं आहे. स्टाइल → लिरिक्समध्ये ‘लाइन हाइट’ १०० टक्के असते, ती ११५ ते १२५ करा. स्टाफच्या खालच्या स्वरांना मात्रा टेकत असतील तर त्याच पानावरचं किमान अंतरही वाढवा. एकेक शब्द निवडून खाली ओढू नका. तसं केलं तर एका कडव्याची ओळच खालीवर नाचू लागते, आणि गाणाऱ्याची नजर चुकते ती तिथेच.

आडव्या दाटीचं मूळ अक्षरांच्या विभागणीत असतं. हायफन दाबला की शब्द तुटून पुढच्या स्वरावर जातो, स्पेस दाबली की शब्द संपतो. एका स्वराखाली दोन शब्द हवे असतील तर मधली जागा कंट्रोल+स्पेसने (मॅकवर ऑप्शन+स्पेसने) द्या. एकच अक्षर अनेक स्वरांवर लांबवायचं असेल तर अंडरस्कोर. तिथे हायफनमागून हायफन दिले तर शब्द संपला की चालू आहे ते कळत नाही. जोडाक्षर शक्यतो फोडू नये. ‘शब्द’ हा ‘श-ब्द’ असा लिहावा. ‘शब्-द’ केलं तर हलन्त ब मुळे पहिलं अक्षर रुंद होतं, आणि डोळ्यांना परकं वाटतं ते वेगळंच. ‘स्वातंत्र्य’ची फोड ‘स्वा-तं-त्र्य’. पण ‘त्र्य’ एका सेमीक्वेव्हरखाली आलं तर बार रुंद होणारच. अशा एखाद्याच जागी त्या अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी करणं क्षम्य आहे. संपूर्ण गाण्याचं स्वरांतर बिघडवून घेण्यापेक्षा ते बरं.

उभी अंतरं

दोन सिस्टिममध्ये खूप जागा, किंवा एका पानावर दाटी आणि पुढच्यावर ओसाडी. याचं मूळ स्टाइल → पेजवर आहे. तिथे ‘एनेबल व्हर्टिकल जस्टिफिकेशन ऑफ स्टेव्ह्ज’ ही खूण दिसेल. ही सोय ३.६ आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये आली. ती चालू असली की प्रोग्रॅम आधी सगळं किमान अंतरावर मांडतो आणि पानावर उरलेली उंची सिस्टिम आणि स्टाफ यांच्यामध्ये वाटतो. वाटप किती व्हावं याची कमाल मूल्यं त्याच पानावर असतात. सिस्टिममधलं कमाल अंतर ३२ स्पेस आहे, म्हणजे १.७५ च्या मापाने ५६ मिलिमीटर. पानावर दोनच सिस्टिम असतील तर मध्ये दरी पडते ती यामुळे. हे मूल्य १५ ते १८ करून पाहा. उरलेली जागा तळाशी मोकळी राहते, आणि तळाशी राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना खुपत नाही.

खूण बंद केली तर साधा हिशोब लागू होतो: सिस्टिममधलं किमान ८.५, कमाल १५, स्टाफमधलं ६.५. एकाच स्टाफच्या गाण्यांना हा मार्ग पुरेसा आहे. वाद्यवृंदाच्या स्कोअरला मात्र जस्टिफिकेशन चालूच ठेवा. कंसाने जोडलेले वाद्यगट एकत्र आणि गटांमध्ये जास्त जागा, हे हाताने साधणं फार कष्टाचं आहे.

सगळी पानं ठीक आणि एकाच सिस्टिमखाली खड्डा पडला असेल, तर तिथे एखादं चिन्ह मूळ जागेपासून लांब ओढलेलं असतं. प्रोग्रॅम सिस्टिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचा आराखडा धरतो आणि पुढची सिस्टिम त्याला धक्का लागणार नाही अशी मांडतो. वीस स्पेस खाली ओढलेली एखादी टीप संपूर्ण सिस्टिमला खाली ढकलते. ती टीप शोधा, कंट्रोल+आर द्या.

एका विशिष्ट स्टाफखाली खरोखरच जास्त जागा हवी असेल तर लेआउट पॅलेटमधला स्पेसर वापरा. साधा स्पेसर किमान जागा राखतो, फिक्स्ड स्पेसर ती जागा ठरवूनच टाकतो. फिक्स्ड मोजकाच वापरा, कारण पुढे त्या जागी शब्द किंवा खालचे स्वर आले तरी तो मागे हटत नाही आणि टक्कर होते. एखादा स्टाफ संपूर्ण स्कोअरभर वरच्यापासून लांब हवा असेल, तर स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीजमध्ये वरचं जादा अंतर देता येतं. प्रत्येक ओळीत स्पेसर टाकण्यापेक्षा ते टिकाऊ.

मोठ्या स्कोअरमध्ये गप्प असलेल्या वाद्यांचे रिकामे स्टाफ जागा खातात. ते लपवण्याची खूण स्टाइल → स्कोअरवर आहे. पहिल्या सिस्टिममध्ये सगळे स्टाफ दाखवायची खूणही तिथेच ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला वाद्यांची यादी कळते.

आता एकेक चिन्ह

इथपर्यंतच्या पायऱ्या झाल्या की हाताने हलवण्याजोगं फार थोडं उरतं. चिन्ह निवडा आणि प्रॉपर्टीजमधल्या अपिअरन्समध्ये त्याचं आडवं-उभं अंतर आकड्याने द्या. माउसपेक्षा आकडा चांगला, कारण तोच आकडा दुसऱ्या ठिकाणी तंतोतंत देता येतो. स्वराच्या आधी जास्त जागा हवी असेल तर तिथेच ‘लीडिंग स्पेस’ आहे. तो बदलला की सगळ्या स्टाफमधला तो ठोका एकत्र सरकतो. स्वर बाजूला ओढला, तर तो एकटाच सरकतो आणि दोन हातांचे स्वर एकाखाली एक राहत नाहीत.

= ही कळ निवडलेल्या चिन्हाची स्वयंचलित मांडणी बंद-चालू करते. बंद केलं की ते चिन्ह कुणाला ढकलत नाही आणि कुणाकडून ढकललंही जात नाही. क्रेशेंडोची (आवाज वाढवण्याची) खूण स्लरच्या (स्वर जोडणाऱ्या कमानीच्या) आत बसवायची असेल तेव्हा हे हवंच. पण अनेकांच्या फाइलमध्ये ही कळ चुकून दबलेली असते आणि मग ‘दोन चिन्हं एकमेकांवर छापली जातात’ अशी तक्रार येते. एकमेकांवर पडलेलं काही दिसलं की ‘ऑटोमॅटिक प्लेसमेंट’ची खूण आहे का, हे पहिल्यांदा पाहा.

पार्ट वेगळे काढल्यावर

स्कोअरची स्टाइल बदलली तरी पार्टची बदलत नाही. प्रत्येक पार्टला स्वतःची स्टाइल आणि स्वतःची पेज सेटिंग्ज असतात. एका पार्टमध्ये सगळं जुळवून ‘अप्लाय टू ऑल पार्ट्स’ दाबा. पार्टमध्ये रिकामे बार जोडून एकच मोठा विराम दाखवायला एम कळ आहे. पान उलटायची जागा शोधताना आधी हे विराम चालू करा, कारण त्यांच्यामुळे पानांची संख्याच बदलते. उजव्या पानाचा शेवट विरामावर यावा, एवढ्यासाठी एक-दोन ओळी विरळ झाल्या तरी चालतील. वाजवताना पान उलटायला हात मोकळा नसेल तर सुंदर मांडणीचा उपयोग शून्य.

दुसरीकडून आलेल्या फाइली

फिनाले या दुसऱ्या स्वरलिपी प्रोग्रॅमचा विकास २०२४ मध्ये थांबल्यापासून म्यूझिकएक्सएमएलमधून (प्रोग्रॅमांमध्ये स्कोअर नेण्या-आणण्याच्या फाइलप्रकारातून) स्कोअर आणणारे वाढले आहेत. आणलेल्या फाइलमध्ये जुन्या प्रोग्रॅमची पानं, ओळींची तोडणी आणि अंतरंही येतात, आणि ती नव्या फाँटच्या रुंदीशी जुळत नाहीत. प्रेफरन्सेस → इम्पोर्टमध्ये मांडणी आणणं आणि ओळी-पानांची तोडणी आणणं या दोन्ही खुणा काढा, आणि फाइल पुन्हा आणा. आधीच आणून त्यात स्वर दुरुस्त केले असतील तर फॉरमॅटमधून सगळी मांडणी मूळपदावर नेण्याचा पर्याय वापरा. म्यूझस्कोरच्याच जुन्या आवृत्तीतल्या फाइलबरोबर तिची जुनी स्टाइलही येते. नव्या स्कोअरमध्ये जुळवलेली स्टाइल ‘सेव्ह स्टाइल’ने जपून ठेवा आणि ‘लोड स्टाइल’ने अशा फाइलला लावा. संग्रहातली वीस-पंचवीस गाणी एकसारखी दिसायची असतील तर याहून सोपा मार्ग नाही.

लिलीपाँड वापरणाऱ्यांसाठी थोडं

लिलीपाँडमध्ये स्वरलिपी मजकूर टाइप करून लिहितात. तिथे माउस नाही, म्हणून ओढाओढीचा प्रश्नही नाही, पण उभ्या अंतराचा गोंधळ तोच. सिस्टिममधल्या अंतराला चार मूल्यं असतात: बेसिक-डिस्टन्स, मिनिमम-डिस्टन्स, पॅडिंग आणि स्ट्रेचेबिलिटी. मूळ मूल्यं अनुक्रमे १२, ८, १ आणि ६०. लोक बेसिक-डिस्टन्स कमी करतात आणि पानावर काहीच बदलत नाही, कारण पान भरण्यासाठी सिस्टिम पुन्हा ताणल्या जातात. ताण नको असेल तर रॅग्ड-बॉटम चालू करा. अंतर नेमकं कुठून येतंय ते कळत नसेल, तर पेपर ब्लॉकमध्ये अ‍ॅनोटेट-स्पेसिंग चालू करून पान काढा. प्रत्येक अंतर बाण आणि आकड्यासकट छापून येतं. अंदाजाने आकडे बदलण्याआधी हे पान समोर असावं.

कागदावर

पडद्यावर नीट असलेली मांडणी छापल्यावर लहान वाटते, तेव्हा स्कोअरमध्ये काही बदलू नका. छपाईच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ निवडलेलं असतं. ते ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के करा. कागदाचा आकारही तपासा, कारण लेटर आकारात बनवलेला स्कोअर ए४ वर छापला की समास असमान होतात. खात्री करायला मिलिमीटरची पट्टी पुरते. १.७५ च्या स्पेसला स्टाफच्या पहिल्या रेषेपासून पाचव्या रेषेपर्यंत बरोबर ७ मिलिमीटर यायला हवेत. एका स्टाफवर पाव मिलिमीटरची चूक डोळ्यांना कळत नाही. म्हणून ओळीची रुंदीही मोजा: १५ मिलिमीटरच्या समासाला १८० यायला हवी. १७५ भरली तर प्रिंटरने पान सुमारे ३ टक्क्यांनी आवळलंय.